रोलरमामांचं साळिंदर

इस्पितळाच्या लॉनवर पाणी सोडून तास झाला होता आणि ते अजून तिथंच होतं. रोलरमामा पायरीवर बसून त्याच्याकडे पाहत होते. पाण्यात समोरची तीन मजली इमारत उलटी दिसत होती, खिडक्यांसकट. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता, तोही दिसत होता. एखाद्या तळ्याला हे शोभलं असतं.

इस्पितळ हाडांचं आणि नसांचं. अपघातानं किंवा आजारानं ज्यांचे पाय रुसले अशी माणसं इथं महिना-दोन महिने राहून पुन्हा चालायला शिकत. आधी पलंगाभोवती, मग व्हरांड्यात कठड्याला धरून, मग जिन्याच्या चार पायऱ्या, आणि सगळ्यांत शेवटी लॉनवर. लॉन ही तिथली शेवटची इयत्ता होती. व्यायामाच्या बाई म्हणायच्या, "फरशीवर कोणीही चालेल. पण घरी गेल्यावर सगळीकडे फरशी मिळणार आहे का?"

या शेवटच्या इयत्तेचे वर्ग आता बंद होते. गवत पिवळं पडलं होतं, मधे मधे टक्कल दिसत होतं आणि टकलावर शेवाळ. त्या शेवाळावरून एक म्हातारे गृहस्थ कुबडीसकट घसरले. कोपराला खरचटण्यावर निभावलं, पण अधीक्षक साहेबांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं: सगळ्या लॉनवर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठेकेदार येणार होता. मध्ये पाच आठवडे होते.

"साहेब, आणि मी?" मामांनी विचारलं होतं.

"तुम्हाला फाटकावर खुर्ची देऊ. दोनच वर्षं राहिलीत ना? आरामात बसा. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची."

साहेब मनानं वाईट नव्हते. मामांचा चेहरा पाहून ते पुढे म्हणाले, "त्याआधी पाणी मुरायला लागलं, तर बघू." पण बघू म्हणणारी माणसं किती बघतात, हे मामांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी शिकवायला नको होतं.

मामा मूळचे खेळपट्टी करणारे. इस्पितळात येण्याआधी अठरा वर्षं त्यांनी एका मैदानावर काम केलं. चेंडू कसा उडेल, कुठे बसेल, हे त्यांना मातीच्या वासावरून कळायचं म्हणत. मैदान बंद झालं तेव्हा कोणी खुर्च्या नेल्या, कोणी कपाटं नेली. मामांनी रोलर मागून घेतला. तो ओढायला तेव्हा दोन माणसं लागायची. इस्पितळात आल्यावर मामा एकटेच ओढू लागले, आणि तेव्हापासून नवीन लागलेल्या नर्ससुद्धा त्यांना रोलरमामा म्हणत. दर शनिवारी लॉनवर पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. बावीस वर्षं एकही शनिवार चुकला नव्हता. साहेब खिडकीतून म्हणायचे, "मामा, कॅरम खेळावा असं झालंय." मामा मान खाली घालायचे, पण तो शनिवार त्यांना गोड जायचा.

घोडं कुठं पेंड खातंय ते दाखवलं ठिणगीनं. ठिणगी म्हणजे मामांचा मेव्हणा, मामींचा धाकटा भाऊ. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि इस्पितळाचे मोडके पलंग जोडायला तो आठवड्यातून एकदा यायचा. बोलणंही जोडकामासारखं, चटके देणारं. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, लॉनच्या मधोमध उभा धरला आणि अंगाचा भार टाकला. पातं बोटाच्या एका पेरापुरतं गेलं आणि थांबलं.

"दाजी, ही जमीन आहे की ओटा?"

मामांनी त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्वतः दाबून पाहिला. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. मग ते गवतातच बसले.

हंगाम संपला की खेळपट्टी खणून मोकळी करावी लागते, नाहीतर तिच्यात मूळ उतरत नाही, हे त्यांनी स्वतः किती पोरांना शिकवलं होतं. खेळपट्टी दाबतात ती चेंडू उसळावा म्हणून; दाबलेल्या मातीत गवत जगत नाही. आणि हे लॉनही त्यांनी त्याच मायेनं, त्याच हातानं, बावीस वर्षं दाबलं होतं. हे मुद्दाम केलं नव्हतं. जे उत्तम येत होतं ते केलं होतं.

"कोणाला बोलू नकोस," मामा म्हणाले.

"काय बोलू नको?"

"काही नाही."

ठिणगीनं त्यांच्याकडे पाहिलं, शेडमधल्या रोलरकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही चटका दिला नाही.

इस्पितळात ज्याची त्याची आपापली कारणं होती. साहेबांच्या मते टाकीचं पाणी जड होतं; त्यांनी पाणी पुरवणाऱ्या कचेरीला तशी पत्रंही लिहिली होती. व्यायामाच्या बाईंच्या मते इमारतीची सावली वाढली होती. मामा दोघांनाही मान डोलवायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

खणून काढायचं तर लॉन सहा महिने बंद राहिलं असतं. तेव्हा भोकं पाडायची, गवत न उखडता, खोल आणि जवळजवळ. ठिणगीनं रंगाचं एक रिकामं पिंप आणलं आणि त्याला चहूबाजूंनी वीतभर लांब सळयांचे तुकडे जोडले. दोन्ही टोकांना आस, पुढं ओढायला दांडा. इस्पितळातल्या मावशी काम सोडून बघायला आल्या आणि त्यातल्या एकीनं नाव ठेवलं, साळिंदर.

साळिंदर पहिल्या दिवशी लॉनवरून टुणटुण उड्या मारत गेलं. टोकं जमिनीत शिरेनात, वजनच नव्हतं. पिंपात पाणी भरलं, तर जिथं जिथं सळई जोडली होती तिथून ते पाझरायला लागलं. पातळ पत्रा जोडाच्या धगीनं चाळण झाला होता. "तुमचं लॉन पाणी पीत नाही, आमचं पिंप पाणी धरत नाही," ठिणगी म्हणाला. "दोघांची अदलाबदल करा, काम भागेल." मग पाणी काढून वाळू भरली. आता टोकं शिरली, पण बाहेर येताना प्रत्येक सळई खालून वर उचकायची आणि मुठीएवढा गवताचा झुपका उपटून घ्यायची. सळया कापून निम्म्या केल्या. झुपके थांबले. दोन दिवस मामांनी साळिंदर ओढलं, दोन्ही खांदे भरून आले, आणि तिसऱ्या दिवशी पाणी सोडून पाहिलं.

भोकं पाण्यानं भरली आणि भरलेलीच राहिली. शेकडो छोट्या बाटल्या पुरून ठेवाव्यात तशी.

मामांनी एका भोकात करंगळी घालून पाहिली. भिंत आतून गुळगुळीत होती, बाहेरच्या मातीपेक्षाही घट्ट. सळईनं माती काढली नव्हती, फक्त बाजूला सारून आणखी दाबली होती. म्हणजे मामांनी बावीस वर्षं वरून जे केलं, ते साळिंदर आता आतून करत होतं.

त्या संध्याकाळी मामा घरी पलंगाच्या कडेवर बसले ते चपला न काढताच. मामी इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होत्या. दिवसभर चादरींच्या घड्या घालून त्यांचेही हात दुखून आलेले असायचे. त्यांनीच वाकून चपला काढल्या.

"सोडून द्या आता," त्या म्हणाल्या. "फाटकावर बसलात तर काय बिघडलं? सावलीत खुर्ची."

"बिघडलं काहीच नाही."

"मग?"

"फाटकावर बसून मला ब्लॉकच दिसणार ना, समोर."

मामींनी चपला दाराशी नेऊन ठेवल्या.

दुसरं साळिंदर नळ्यांचं झालं. इस्पितळाच्या भंगारात सलाईन टांगायचे मोडके स्टँड पडले होते. त्यांच्या लोखंडी नळ्या ठिणगीनं चार-चार बोटांच्या कापल्या. चार गोल थाळ्या, प्रत्येकीला सहा नळ्या, सगळ्या एकाच आसावर पण प्रत्येक थाळी आपापली फिरणारी, म्हणजे वळताना गवत ओरबाडायला नको. वर वजनासाठी तबक. वजन कुठून आणायचं हा प्रश्न बाईंनी सोडवला. पायांना बांधून व्यायाम करायच्या वाळूच्या पिशव्या त्यांच्याकडे होत्या, दोन पट्टे लावलेल्या, निळ्या. त्यांनी चौदा पिशव्या मोजून दिल्या.

"परत करा हं मामा. नाहीतर माझी मंडळी खूश होतील."

नळी जमिनीत शिरायची आणि मातीची कांडी घेऊन बाहेर यायची. हे एकदाच. दुसऱ्या फेरीला नळी आधीच भरलेली, म्हणजे पुन्हा सळईच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मामा गुडघे टेकून एकेका नळीत खिळा घालून कांडी काढायचे. चोवीस नळ्या. काढून उठेपर्यंत गुडघे विचारायचे, पुन्हा बसणार आहात का? ठिणगीनं नळ्यांना बाजूनं खिडक्या कापल्या, म्हणजे नवी कांडी जुनीला ढकलून बाहेर काढेल. तरी कांड्या अडकायच्या.

रात्री जेवताना दोघं त्यावरच बोलत होते. मामी मध्ये म्हणाल्या, "उशीएवढाच अभ्रा शिवला तर उशी निघते का? जीव जातो ओढताना. आम्ही दोन बोटं सैल शिवतो."

"ताई, नळीचं पोट मोठं कसं करू?" ठिणगी म्हणाला. "तिला काय बाळंतपण आहे?"

मामांनी घास हातातच ठेवला. "पोट नाही. तोंड लहान कर."

दुसऱ्या दिवशी ठिणगीनं प्रत्येक नळीचं तोंड ठोकून जरासं आत वळवलं आणि बाहेरून धार लावली. आता तोंडानं कापलेली कांडी पोटात सैल राहायची आणि खिडकीतून आपोआप पडायची. खडूच्या तुकड्यांएवढ्या कांड्या, ओळीनं, मागे मागे पडत गेल्या. मामा शेवटपर्यंत गेले आणि वळून पाहिलं. ठिणगीनं टाळी वाजवायला हात उचलले होते, पण मामांचा चेहरा पाहून ते खिशात घातले.

बाकीचं मामांना मातीनंच शिकवलं. कोरडीत नळी शिरत नाही, चिखलात भरून बसते. आदल्या दिवशी पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचं. आडवं एकदा, उभं एकदा. कांड्या उचलायच्या नाहीत. वाळल्या की आपोआप फुटून गवतात जातात. बाईंनी एक पद्धत काढली: दोन्ही बाजूंनी उघडा डबा दोन बोटं जमिनीत ठोकायचा, काठोकाठ पाणी भरायचं आणि घड्याळ लावायचं. भोकं न पाडलेल्या जागी तासानंतरही अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक. पाडलेल्या जागी अकरा मिनिटांत डबा रिकामा. बाईंनी तो आकडा हातावरच पेनानं लिहून घेतला.

चार आठवडे संपले तेव्हा इमारतीकडचं अर्धं लॉन झालं होतं. मामांचा उजवा खांदा रात्री कुशीवर वळू देत नव्हता. शनिवारी साहेब पाहायला येणार होते, नऊ वाजता.

त्या शनिवारी मामा उजाडताच आले. आदल्या दिवशीचं पाणी मुरून जमीन मऊ झाली होती. समोर ते अर्धं लॉन पसरलं होतं: भोकांनी भरलेलं, कांड्यांनी माखलेलं, जणू रात्रीतून एखादा कळप त्यावर बसून गेला होता. शुक्रवारीच एका रोग्याच्या नातेवाइकानं नाक धरून विचारलं होतं, "इथं शेळ्या सोडता का हो?" मामा बराच वेळ उभे राहिले. नऊ वाजता साहेब येतील. साहेबांनी बावीस वर्षं या खिडकीतून जे पाहिलं आणि वाखाणलं, ते असं नव्हतं.

पुढचं त्यांनी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हात रोलरच्या दांड्याकडे गेले. खांदा कुरकुरला, पण रोलर ओढायची सवय खांद्याला साळिंदरापेक्षा जुनी होती. कांड्या चेपल्या, भोकं मिटली, हिरवळ सपाट दिसू लागली. साडेसातला मामांनी रोलर शेडमध्ये लावला आणि हात धुतले. खूप दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

नऊ वाजता साहेब चहाचा कप घेऊन आले. खुर्ची मांडली. ठिणगी धुतलेला शर्ट घालून आला होता. बाईंनी डबा ठोकला, पाणी भरलं, घड्याळ पाहिलं.

अकरा मिनिटं झाली. पाणी बोटभर उतरलं होतं. वीस झाली. साहेबांचा चहा संपला. त्यांनी कप खुर्चीखाली ठेवला आणि फोनवर एक-दोन कामं उरकली. चाळीस मिनिटांनी डबा अर्धा भरलेलाच होता.

"मामा, यंत्र झकास केलंय," साहेब हळूच म्हणाले. "पण हे पालथ्या घड्यावर पाणी झालं."

"परवा मी स्वतः पाहिलंय, साहेब," बाई म्हणाल्या. "अकरा मिनिटं. याच जागी." मग त्या वाकल्या, गवतावरून हात फिरवला. "मामा, कांड्या कुठे गेल्या?"

ठिणगीनं शेडकडे पाहिलं. रोलरला ओली माती चिकटली होती. "दाजी," तो म्हणाला.

गप्प बसायला अजून जागा होती. टाकीचं पाणी होतं, सावली होती. मामांनी डब्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

"मी रोलर फिरवला. सकाळी."

"का पण?" बाई म्हणाल्या.

"साहेब येणार होते."

मामा साहेबांकडे वळले.

"आणि साहेब, टाकीच्या पाण्यात काही दोष नाही. हे बावीस वर्षं मीच दाबलंय. खेळपट्टी दाबावी तसं. महिन्यापूर्वी कळलं मला. सांगितलं नाही." एवढं बोलून ते पायरीवर बसले. साहेबांसमोर ते कधी बसत नसत.

"मी पाण्याच्या कचेरीला तीन पत्रं पाठवलीत," साहेब म्हणाले. "एक तर बरंच कडक." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "आणि दर शनिवारी खिडकीतून छान छान म्हणत होतो तो कोण? मीच ना."

ते उठले, लॉनच्या मधल्या पायवाटेपर्यंत चालत गेले आणि परत आले. तेही दमलेले दिसत होते.

"ठेका दिलेला आहे. तो मला आता मोडता येणार नाही. सोमवारी तो फाटकाकडून सुरू करेल आणि पायवाटेपर्यंत येईल. तिथं मी त्याला थांबवतो. इमारतीकडची ही बाजू तुमची. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही, मामा."

"अर्धी," मामा म्हणाले.

"अर्धी. आणि ती सुद्धा पाणी मुरलं तर."

संध्याकाळी मामींनी खांद्याला तेल लावलं.

"मी धोबीखान्याच्या खिडकीतून पाहिलं होतं तुम्हाला," मामी म्हणाल्या. "सकाळी, रोलर घेऊन. मला वाटलं, यांना काहीतरी माहीत असेल."

"हाक का नाही मारलीस?"

"चालत होतात किती छान. महिन्याभरात तसं चालताना पाहिलं नव्हतं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "जित्याची खोड. दुसरं काय."

सोमवारी ठेकेदाराची माणसं आली. त्यांनी फाटकाकडची हिरवळ खरवडून काढली, खडी टाकली, आणि दुपारी त्यांच्यातला एक जण शेडकडे येऊन विचारू लागला, रोलर मिळेल का? मामांनी दिला. दांडा कसा धरायचा, वळताना पाय कुठे ठेवायचा, तेही सांगितलं. माणूस चांगला होता, नीट ऐकत होता. "परत केव्हा आणू?" त्यानं विचारलं. "तुमच्याकडेच असू द्या," मामा म्हणाले, आणि आपल्या बाजूला आले.

मिटलेली सगळी भोकं पुन्हा पाडायची होती. मामा दोन ओळी ओढायचे आणि पायरीवर बसायचे, पुन्हा दोन ओळी. पूर्वी चार व्हायच्या. पलीकडे खडीचा खडखडाट चालू होता. त्यांनी तिकडे पाठ करून बसायची जागा निवडली होती, पण आवाजाला पाठ नसते.

बारा दिवसांनी डब्यातलं पाणी पंधरा मिनिटांत गेलं. अकरा नाही, पंधरा. बाईंनी साहेबांना चिठ्ठी पाठवली आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या दिवशी एक रोगी खाली आणला. बसचालक होता, दोन्ही मांड्यांची हाडं मोडून चार महिने झालेले. बाईंनी त्याला आधी फाटकाशी नेलं; तिथून सिमेंटच्या ब्लॉकवरून तो कुबडी टेकत झरझर आला, पायवाट ओलांडली आणि गवतावर पहिलं पाऊल टाकताच डगमगला. पायाखाली एक कांडी फुटली होती. बाईंनी हात पुढं केला पण धरलं नाही.

"मामा, एवढं सपाट करून ठेवा की," चालक घाम पुसत म्हणाला. "तुमचं नाव रोलरमामा ना?"

मामा पायरीवरून उठले. खांदा चोळत त्याच्याजवळ गेले, फुटलेली कांडी बोटांनी चुरली आणि गवतात पसरली. तेवढंच.

"आता असंच राहणार," ते म्हणाले. "हळू चला. पुढं अजून आहेत."

चालकानं कुबडी उचलली, जागा शोधून टेकली. मामा त्याच्या बाजूनं, एक पाऊल मागे राहून, पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेले. पोहोचायला वेळ लागला. दोघांनाही घाई नव्हती, आणि दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं. भिंतीशी टेकून दोघं जरा थांबले. मग परत निघाले.